जास्तीची खोली: काचेची की स्लॅबची?

घर अपुरं पडायला फार मोठं कारण लागत नाही. मुलगा बारावीला जातो, आईबाबा कायमचे राहायला येतात, नाहीतर ऑफिसचं कामच घरी येऊन बसतं. नागपुरात ज्यांचं प्लॉटवर घर आहे त्यांची नजर मग दोन जागांवर जाते: वरची गच्ची, आणि मागे किंवा बाजूला उरलेलं अंगण. इथवर घरात एकमत असतं, पुढे फाटे फुटतात. कुणाला फोनवर पाहिलेली काचेची खोली हवी असते, पंधरा दिवसांत उभी राहणारी, आत झाडं आणि वेताची खुर्ची. कुणी म्हणतं, करायचंच आहे तर कॉलम-बीम टाकून स्लॅबची करा, तात्पुरतं काही नको.

ज्यांनी आजवर साधा ओटाही बांधून घेतलेला नाही त्यांच्यासाठी हे क्रमाने लिहितो आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: नागपुरात भिंत काचेची असो की विटेची, खोली राहण्याजोगी होते की नाही हे छत ठरवतं. आणि छत कोणतं घ्यायचं हे तुम्ही मे महिन्यात त्या खोलीत किती वाजता बसणार, यावर ठरतं.

पहिलं काम: खोली कधी वापरणार ते ठरवा

काचेची खोली ही मुळात थंड देशातली सोय. इंग्लंडमध्ये घराला लागून अशी खोली काढतात ती उन्हासाठी. ऊन काचेतून आत येतं, उष्णता आतच अडकते आणि गारठ्याच्या दिवसांतही तिथे बसता येतं. तिथल्या नियमांत तिला सवलतही आहे. जमिनीलगतची, ३० चौरस मीटरपेक्षा लहान, मूळ घरापासून बाहेरच्या दाराइतक्याच दर्जाच्या दाराने वेगळी ठेवलेली आणि घराचं हीटिंग आत न नेलेली असेल, तर बांधकामाच्या बहुतेक तांत्रिक नियमांतून ती सुटते. मधल्या दाराची अट लक्षात घेण्यासारखी आहे. ही खोली घरासारखी राहणार नाही, हे तिथल्या नियमकर्त्यांनीच धरून ठेवलेलं आहे.

आपल्याकडे गणित उलटं. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली. ४४-४५ तर दर उन्हाळ्यातले पाहुणे. शिवाय आपण साधारण २१ अंश अक्षांशावर आहोत, त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात, नवतपा सुरू असताना, भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. त्या वेळी दक्षिणेच्या भिंतीला फारसं ऊन लागतच नाही, सगळा मारा छतावर. तीननंतर तो पश्चिमेच्या भिंतीवर सरकतो. म्हणून छताला काच लावलेली खोली इथे मार्च ते जून दिवसा बंदच पडते. एसी लावून थंड करू म्हणाल, तर बिल भरायची तयारी ठेवा.

पण स्लॅब म्हणजे थंडावा, हीसुद्धा अर्धीच गोष्ट. चार-पाच इंचांचा उघडा स्लॅब दुपारभर ऊन पितो आणि तीन-चार तासांनी ती उष्णता आत सोडतो. म्हणून वरच्या मजल्यावर रात्री दहालाही पंख्याचा वारा गरम लागतो. पत्रा किंवा काच याच्या उलट: दुपारी भट्टी, पण सूर्य बुडाला की तासाभरात निवते. रात्री नऊनंतर गप्पा मारायला, हिवाळ्यात सकाळी पेपर वाचायला, डिसेंबर-जानेवारीत आजोबांना उन्हात बसवायला हलकी खोली सरसच ठरते. मुलाला दुपारी अभ्यास करायचा असेल, किंवा आजारी माणूस दिवसभर झोपणार असेल, तर तिचा विचार सोडा.

एका कागदावर महिने लिहा, समोर तास लिहा, आणि कोण कधी बसणार ते घरातल्या सगळ्यांना विचारून भरा. निम्मा वाद इथेच मिटतो.

दुसरं काम: आहे त्या घराला किती झेपेल ते पाहा

वर बांधायचं असेल तर हा मुद्दा टाळता येत नाही. दहा बाय बाराची खोली धरा. साडेचार इंची विटेच्या भिंती प्लास्टरसकट नऊ-दहा टनांच्या घरात जातात, वर पाच इंची स्लॅबचे साडेतीन टन, मग फरशी, कोबा आणि माणसं. त्याच मापाची लोखंडी पाइप, काच आणि हलक्या छताची खोली टन-दीड टनात बसते. फरक जवळजवळ दसपट.

तुमचं घर कॉलमवर आहे की भिंतींवर, हे आधी कळायला हवं. जुन्या वस्त्यांतली बरीच घरं नऊ इंची भिंतींवर उभी आहेत, त्यांत कॉलम नाहीतच. मिस्त्री भिंत ठोकून सांगेल, पण खात्री स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच करून घ्या. कॉलमचं घर असेल तर गच्चीवर सळया काढून ठेवलेल्या दिसतील. पूर्वी कुणीतरी पुढच्या मजल्याची सोय करून ठेवली, हे चांगलंच. पण त्या सळया दहा-पंधरा पावसाळे उघड्यावर असतील तर हातात घेऊन बघा. गंजाचे पापुद्रे निघतात का? हातोडी मारल्यावर सळई बारीक झालेली दिसते का? नवी सळई जुनीला जोडताना तिच्या जाडीच्या साधारण पन्नासपट लांबी एकमेकींवर यावी लागते, म्हणजे १२ मिलिमीटरच्या सळईला दोन फूट. बाहेर फूटभरच चांगली सळई उरली असेल तर खालचं काँक्रीट फोडावं लागेल किंवा भोक पाडून केमिकलने नव्या सळया बसवाव्या लागतील. यातलं काहीच न करता ‘वेल्डिंग मारून देतो’ म्हणणारा ठेकेदार भेटेल. त्याला चहा पाजा आणि निरोप द्या.

भिंत बीमवरच यायला हवी, स्लॅबच्या मधोमध नाही. खालच्या खोल्यांचा नकाशा न बघता वर भिंत आखली की दोन-तीन वर्षांत खालच्या छताला तडा दिसतो. जागा आडवीतिडवी येत असेल तर एएसी ब्लॉक, म्हणजे आत हवेची छिद्रं असलेले वजनाने हलके सिमेंटचे ठोकळे, वापरा. प्लास्टर धरूनही विटेच्या निम्म्याहून कमी भार पडतो.

गच्चीवरून विजेची तार जाते का, तेही आत्ताच बघा. ११ केव्हीच्या तारेपासून आडवं १.२ मीटर आणि उभं ३.७ मीटर अंतर सुटलंच पाहिजे. नागपुरात घराला खेटून गेलेल्या उच्चदाबाच्या तारांनी जीव घेतले आहेत आणि हा विषय उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलेला आहे. लोखंडी पाइप उचलताना कामगाराचा हात तारेपर्यंत पोचतो, तेव्हा मापं काम सुरू व्हायच्या आधी घ्यायची.

अंगणात बांधणार असाल तर मातीकडे बघा

पश्चिमेला सेमिनरी हिल्सच्या बाजूला थोडं खोदलं की काळा दगड लागतो. दक्षिणेला शेतं मोडून जे लेआउट पडले, तिथे मात्र काळी माती. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, मेमध्ये तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. जुनं घर बसायचं तेवढं बसून गेलेलं असतं. त्याला चिकटवून नवी खोली घातली की ती आपल्या गतीने बसू लागते, आणि दोघांच्या सांध्यावर वरपासून खालपर्यंत उभी भेग येते. दरवर्षी पुट्टी भरा, रंग द्या, पुढच्या मेमध्ये ती हजर.

उपाय ठाऊक असलेलेच आहेत, फक्त पैसे वाचवायला टाळले जातात. नवा पाया जुन्या पायाइतकाच खोल न्यायचा, पण जुन्या पायाच्या खाली खोदायचं नाही. माती खोलवर काळीच असेल तर साडेतीन मीटरच्या आसपास खोल जाणारे अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे तळाशी फुगीर असलेले काँक्रीटचे खांब, घालून वर जोत्याच्या पातळीवर प्लिंथ बीम घ्यायचा. फरशीखालची काळी माती काढून मुरूम भरायचा आणि थराथराने पाणी मारून ठोकायचा. आणि नवं-जुनं एकमेकांत गुंफायचं नाही: मध्ये इंचभर सांधा सोडायचा, तो लवचिक मसाल्याने भरून वर पट्टी मारायची. मग दोन्ही भाग आपापले हलले तरी भिंत फाटत नाही.

काचेची खोली हलकी म्हणून तिला पाया लागत नाही, असा समज आहे. काळ्या मातीत तो घातक आहे, कारण काच वाकत नाही. चौकट एका कोपऱ्यात पाव इंच उचलली गेली तरी सरकती खिडकी अडकते आणि एके दिवशी काच तडकते.

कागद

इथे बहुतेकजण कंटाळतात, म्हणून थोडक्यात. तुमची जागा नागपूर महानगरपालिकेच्या हद्दीत आहे, नागपूर सुधार प्रन्यासच्या अखत्यारीत आहे, की शहराबाहेर एनएमआरडीएकडे, म्हणजे नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, हे आधी शोधा. लेआउट मंजूर आहे, की ५७२ किंवा १९०० लेआउटच्या यादीतला, म्हणजे मंजुरीशिवाय पाडलेला गुंठेवारीतला? तसा असेल तर प्लॉटचं आरएल, म्हणजे नियमित केल्याचं पत्र, झालंय का? आरएल नसताना वाढीव बांधकामाची परवानगी मागायला जाणं म्हणजे दाराशीच अडकणं. आधी ते करून घ्या.

परवानगी २०२० च्या राज्यव्यापी एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार मिळते. साध्या निवासी लेआउटमध्ये मूळ एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण, १.१ धरला जातो. ३० बाय ५० चा, म्हणजे १५०० फुटांचा प्लॉट असेल तर मूळ हक्काचं बांधकाम १६५० फूट. तळमजला ९०० असेल तर कागदावर ७५० उरतात. पण चारही बाजूंची मार्जिन, म्हणजे घराभोवतीची मोकळी जागा, सोडावी लागते आणि बाजूचं मार्जिन पत्र्याने झाकून खोली करणं हे नागपुरात कितीही सर्रास चालत असलं तरी नियमात बसत नाही.

‘काचेचं आहे, शेड आहे, परवानगी कशाला?’ हे वाक्य फॅब्रिकेटर, म्हणजे लोखंड-काचेचं काम करणारा, हमखास ऐकवतो. छत आणि भिंतींनी बंद केलेली राहती जागा बांधकामातच मोजली जाते, मग ती कशाचीही असो. १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम ५३ खाली नोटीस आली की ती फॅब्रिकेटरच्या नावाने येत नाही, घरमालकाच्या येते. मंजूर नकाशा नसेल तर बँक वाढीव बांधकामाला कर्ज देत नाही, आणि पुढे घर विकताना खरेदीदाराचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवतो.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी एवढंच लक्षात ठेवावं: वरची गच्ची सगळ्यांची असते, तुमच्या डोक्यावर आहे म्हणून तुमची होत नाही. आधी डीड ऑफ अपार्टमेंट काढून वाचा.

हलकी खोली करायची ठरली तर

छताला काच नको. हट्टच असेल तर फक्त लॅमिनेटेड, कारण ती फुटली तरी तुकडे फिल्मला चिकटून राहतात. विदर्भात फेब्रुवारी ते एप्रिल गारपीट होते आणि डोक्यावर साधी काच घेऊन झोपण्यात काही शहाणपण नाही. छतासाठी सगळ्यात समजूतदार पर्याय म्हणजे ५० मिलिमीटरचं पफ पॅनेल: दोन पत्र्यांमध्ये फोम, वरून पांढरा रंग. नुसत्या टिनापेक्षा महाग पडतं, पण टिनाखाली एक दुपार काढली की भाव वसूल वाटतो.

पॉलिकार्बोनेट घेणार असाल तर तीन गोष्टी उभं राहून बघा. शीटच्या ज्या बाजूला उन्हापासून संरक्षणाचा थर असतो ती बाजू वर हवी. त्या बाजूच्या फिल्मवर तसं छापलेलं असतं आणि कामगार घाईत ती फिल्म आधीच सोलून टाकतात. मग उलटी लागली तर दोन उन्हाळ्यांत शीट पिवळी पडून कडकडीत होते. आतल्या पोकळ नळ्या उताराच्या दिशेने असाव्यात आणि टोकांना टेप हवी, नाहीतर आत शेवाळ आणि मुंग्या. तिसरं स्क्रूचं भोक. तीन मीटरची शीट हिवाळ्यातल्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत आठ-दहा मिलिमीटर लांब होते. भोक स्क्रूच्या मापाचंच पाडलं तर शीट दुपारी कडकड वाजते आणि भोकापासून चिरते. भोक मोठं, खाली रबरी वॉशर, आणि स्क्रू आवळून टाकायचा नाही.

आता वारा. उन्हाळ्यातली संध्याकाळची वावटळ आठवा. भारतीय मानकात नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलेला आहे. साधा हिशेब केला तर चौरस मीटरला ११५ किलोच्या आसपास दाब येतो. आकार, उंची यांचे गुणांक लागून तो कमीजास्त होईल. पफ पॅनेलचं स्वतःचं वजन चौरस मीटरला दहा-बारा किलो. म्हणजे हे छत खाली पडण्याची भीती बाळगायची नाही, उडण्याची बाळगायची. खांबांची बेसप्लेट खालच्या कॉलम किंवा बीममध्ये अँकर बोल्टने धरलेली हवी. कठड्याच्या भिंतीत बोल्ट मारून काम उरकलं असेल तर कठडा सोबत घेऊन छत शेजाऱ्याकडे जाईल.

गळती जवळपास नेहमी एकाच जागी होते: नवं छत जुन्या भिंतीला भेटतं तिथे. सिलिकॉनची रेघ ओढून हात झटकतात. उन्हात ती सुटते. भिंतीच्या प्लास्टरमध्ये खाच पाडून पत्र्याची फ्लॅशिंग, म्हणजे सांधा झाकणारी वाकवलेली पट्टी, आत घुसवायची, वरून मसाला भरायचा, मग हवं तर सिलिकॉन.

स्लॅबची करायची ठरली तर

स्लॅबच्या खोलीचा एक फायदा सहसा कुणी मोजत नाही. ती ज्या बेडरूमच्या डोक्यावर येते, तिला पहिल्यांदाच सावली मिळते. गच्चीवर बांधताना पश्चिमेची, सगळ्यात तापणारी खालची खोली झाकली जाईल अशी जागा बघा.

नव्या स्लॅबवर उन्हाचा बंदोबस्त त्याच कामात करून घ्या. ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, आणि वर पांढऱ्या तुकड्यांचं चायना मोझाइक हा जुना उपाय अजूनही उत्तम: पाणीही अडतं, ऊनही परततं. बजेट संपलं असेल तर दर मार्चला चुन्याचा जाड हात मारा.

काम दिवाळीनंतर काढा. पावसाळ्यात काळ्या मातीत पाया खणला की खड्ड्यात चिखल आणि मेमध्ये स्लॅब टाकला की सकाळचं पाणी दुपारपर्यंत उडालेलं. स्लॅबवर सिमेंटच्या छोट्या पाळ्या करून पाणी साचवा आणि १० ते १४ दिवस तो कोरडा पडू देऊ नका. हे ठेकेदारावर सोडू नका; घरातल्या एकाने रोज दोनदा वर जाऊन बघायचं. सेंट्रिंग, म्हणजे स्लॅबखालच्या फळ्या आणि टेकू, लवकर काढायची घाई ठेकेदाराला असते, कारण त्याच्या फळ्या दुसऱ्या साइटवर हव्या असतात. टेकू कधी काढायचे ते इंजिनिअर सांगेल.

मधला मार्ग, आणि कूलर

मला विचाराल तर बहुतेक घरांना या दोन्हींच्या मधली खोली लागते. छत स्लॅबचं किंवा पफचं, पश्चिमेची भिंत भरीव, पूर्वेला छोटी खिडकी, आणि उत्तरेची भिंत मोकळ्या मनाने काचेची. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा येतो, जूनच्या सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन सोडलं तर थेट ऊन जवळपास नाही. दक्षिणेला काच हवीच असेल तर दोन-अडीच फुटांचा सज्जा काढा: उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असल्याने सावली पडते, हिवाळ्यात तो खाली उतरतो आणि ऊन सज्ज्याखालून आत येतं. पश्चिमेच्या काचेवर मात्र सज्जा, पडदा, फिल्म, कशाचंच फार चालत नाही. तिथे बाहेरून हिरवी जाळी बांधावी लागते आणि मग काच कशासाठी घेतली हा प्रश्न उरतो.

कूलर कुठे बसणार, हे खिडक्या आखण्याआधी ठरवा. नकाशा काढणारे हे विसरतात आणि मार्चमध्ये नवीकोरी सरकती खिडकी काढून तिथे प्लायवूड ठोकायची पाळी येते. कूलरला सुकी हवा बाहेरून घ्यावी लागते आणि ओली हवा समोरून बाहेर सोडावी लागते. चहूबाजूंनी काचबंद खोलीत तो तासाभरात नुसती चिकचिक करतो. म्हणून समोरासमोर दोन उघडझापी, त्यातली एक कूलरच्या मापाची. भरलेला शंभर लिटरचा कूलर म्हणजे नुसतं पाणीच शंभर किलो. तो ॲल्युमिनियमच्या चौकटीवर टांगायचा नाही, खाली स्वतंत्र स्टँड किंवा भिंतीत घेतलेला कट्टा हवा. जवळ नळ, खाली पाणी वाहून जायला भोक, आणि १६ अँपियरचा नाही तरी निदान वेगळा अर्थिंग असलेला प्लग. ओल्या हाताने कूलरला शिवणारे आपण सगळेच आहोत.

कोटेशन मागताना

‘फुटाला किती?’ एवढंच विचारलं की उत्तरं तुलनेची राहत नाहीत. लोखंडी पाइपची जाडी मिलिमीटरमध्ये, काचेची जाडी आणि ती टफन्ड आहे की साधी, सळईचा ग्रेड, सिमेंटचा प्रकार, रेती कन्हानची की दगडाची भुकटी, विटा मातीच्या की फ्लाय ॲशच्या, हे सगळं कागदावर लिहून तोच कागद तिघांना द्या. पाइप आला की काटा करून घ्या; बाहेरून सारखा दिसणारा पाइप आतून पातळ निघतो. पैसे कामाच्या टप्प्यांवर द्या आणि शेवटचा हप्ता पहिला मोठा पाऊस पडेपर्यंत हातात ठेवा. फॅब्रिकेशनच्या कामाला ही अट फारच उपयोगी पडते.

गच्चीवरची टाकी, सोलर पॅनेल आणि डिश यांची जागा नव्या खोलीच्या नकाशावरच दाखवून घ्या. एक किलोवॉट सोलरला साधारण शंभर चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते, आणि नव्या खोलीची सावली नेमकी पॅनेलवर पडली तर तिथे काही करता येत नाही.

काम झालं की सुधारित नकाशा, पूर्णत्वाचा दाखला आणि मालमत्ता करातली नवी नोंद एकाच फाइलमध्ये लावा. प्लास्टर व्हायच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढून ठेवा, टेप भिंतीला लावून, म्हणजे वायरचे पाइप आणि सळया कुठून गेल्यात ते मापासकट दिसेल. पुढच्या वर्षी पडद्याचा रॉड लावायला ड्रिल हातात घ्याल तेव्हा आधी ती फाइल काढा.